तब्येतीचा रिपोर्ट कुणाचा? कामाच्या ठिकाणी आजाराची माहिती आणि आपला हक्क

उजनीच्या पाणलोटात ज्यांची शेतं गेली, त्यांच्या पुढच्या पिढ्या आज पगारावर किंवा रोजंदारीवर आहेत. कुणी टेंभुर्णीच्या एमआयडीसीत जातं, कुणी कंदरच्या केळीच्या पॅकहाऊसवर, कुणी साखर कारखान्यात, कुणी भिगवणच्या मासळी बाजारात, तर कुणी जेऊरहून रेल्वेने थेट पुण्याला. घर चालतं ते हजेरीवर. त्यामुळे घरात कुणी आजारी पडलं की पहिली काळजी औषधाची असते आणि लगेच दुसरी: "कामावर कळलं तर?"

एक उदाहरण घेऊ. नाव नाही, गाव नाही, पण असं घडू शकतं हे आपल्यापैकी प्रत्येकाला पटेल. समजा, धरणकाठच्या एका गावातला सव्वीस वर्षांचा मुलगा रोज एमआयडीसीत जातो. खोकला जाईना, अंगात बारीक ताप, म्हणून अम्मी त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. थुंकी तपासली, टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या. रजा हवी होती म्हणून त्याने रिपोर्टचा फोटो सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सुपरवायझरने "हा महिनाभर येणार नाही" असं लिहून तोच फोटो हजेरीच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत बातमी चहाच्या टपरीवर, दुसऱ्या दिवशी गावात. ठेकेदाराने हजेरीतून नाव काढलं. बहिणीच्या रिश्त्याची बोलणी थांबली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, दवाखान्यात जाताना कुणी बघेल या शरमेने मुलाने गोळ्याही सोडल्या.

यात चूक कुणाची? बहुतेक जण म्हणतील, नशिबाची. पण चूक त्या फोटोची आहे. जो कागद डॉक्टर आणि रुग्ण या दोघांत राहायला हवा होता, तो पन्नास जणांच्या मोबाईलमध्ये गेला.

मालकाला काय कळायला हवं?

सगळा विषय एका फरकावर उभा आहे. तो नीट लक्षात ठेवला तर पुढचं सोपं होतं.

मालकाला, मॅनेजरला किंवा ठेकेदाराला दोन गोष्टी विचारायचा हक्क आहे. हा माणूस हे काम करू शकतो का? आणि त्याच्यामुळे सोबतच्यांना कामाच्या जागी खरोखर धोका आहे का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं डॉक्टर देऊ शकतात: "कामास योग्य", "पंधरा दिवस विश्रांती आवश्यक", "उंचीवरचं काम देऊ नये", "जड वजन उचलायला लावू नये". बस. आजाराचं नाव काय, तो कशामुळे झाला, गोळ्या कोणत्या चालू आहेत, घरात आणखी कुणाला आहे का, हे सगळं त्या माणसाचं खासगी आहे. काम जमतं की नाही, हा मालकाचा प्रश्न. आजार कोणता, हा रुग्ण आणि डॉक्टरचा.

मुंबई उच्च न्यायालयातला तो निनावी कामगार

हा फरक पुस्तकी नाही. तो आपल्याच राज्यातल्या एका रोजंदारी कामगाराने कोर्टात लढून मिळवला आहे.

सार्वजनिक क्षेत्रातल्या एका महामंडळात तो कॅज्युअल लेबर म्हणून काम करत होता. नियमित नोकरीसाठी वैद्यकीय तपासणी झाली आणि त्यात त्याला एचआयव्हीची लागण असल्याचं दिसलं. तो धडधाकट होता, काम करत होता. तरीही त्याला नियमित केलं नाही, उलट रोजंदारीच्या यादीतूनही त्याचं नाव गेलं. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. पण अडचण अशी की नावाने खटला लढला तर सगळ्या जगाला कळणार. कोर्टाने त्याला नाव लपवून लढायची परवानगी दिली. निकालात त्याचं नाव फक्त 'एमएक्स' आहे आणि महामंडळाचं नाव 'झेडवाय'.

१९९७ मध्ये निकाल लागला. जो माणूस काम करायला सक्षम आहे आणि ज्याच्यामुळे इतरांना ठोस धोका नाही, त्याला केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. त्याचं नाव पुन्हा यादीत घ्यायला लावलं आणि बुडालेल्या मजुरीपोटी ४०,००० रुपये द्यायला लावले.

लक्षात घ्या, हा कुणी मोठा अधिकारी नव्हता. रोजंदारीवरचा माणूस होता. "आपण तर ठेकेदाराची माणसं, आपल्याला कसला हक्क" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल आठवावा.

आज कोणते कायदे आहेत?

*डॉक्टरांसाठी.* भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाचं गुपित डॉक्टरने बाहेर सांगायचं नाही. अपवाद तीनच: न्यायालयाने आदेश दिला तर, एखाद्या ठराविक व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तर, आणि सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार असेल तर. कंपनीने नेमलेला डॉक्टरही डॉक्टरच असतो. पगार कंपनी देते म्हणून त्याची ही जबाबदारी संपत नाही. त्याच नियमांत आणखी एक कामाची गोष्ट आहे: रुग्णाने आपल्या उपचारांची कागदपत्रं मागितली तर ती ७२ तासांत द्यायची असतात.

*एचआयव्हीसाठी.* २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी देण्याची अट म्हणून एचआयव्ही चाचणी करता येत नाही. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. लेखी संमतीशिवाय ही माहिती कुणाला सांगता येत नाही. कामावरून काढायचं असेल तर स्वतंत्र आणि पात्र वैद्यकीय तज्ज्ञाचा लेखी अहवाल लागतो. १०० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायचा असतो आणि दवाखान्यांसाठी ही संख्या २० आहे. त्यावर राज्याच्या लोकपालाकडेही जाता येतं. 'एमएक्स'ने झगडून मिळवलेली नाव लपवून लढण्याची सोय आता या कायद्यातच लिहिलेली आहे.

*मानसिक आजारासाठी.* २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं २३ वं कलम उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतं. झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत म्हणून कुणी "वेडा" ठरत नाही, आणि ती चिठ्ठी ऑफिसात फिरवायचा अधिकार कुणालाही नाही.

*सरकारी नोकरीत.* जिल्हा परिषदेचे शिक्षक, एसटीचे कर्मचारी, तलाठी यांच्याबाबत कुणी माहिती अधिकारात वैद्यकीय कागद मागितले तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या निकालात वैद्यकीय नोंदी, उपचार आणि औषधं ही वैयक्तिक माहिती मानली आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला.

टीबीचा गोंधळ: सरकारला कळवणं म्हणजे मालकाला कळवणं नाही

आपल्या भागात सगळ्यात जास्त गैरसमज टीबीबद्दल आहे. मे २०१२ पासून टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, खासगी डॉक्टरांवरही. म्हणून लोकांना वाटतं, "ही काय लपवायची गोष्ट थोडीच आहे, सरकारी आजार आहे." पण ही नोंद आरोग्य विभागाकडे जाते, 'निक्षय' नावाच्या प्रणालीत. तिचा उपयोग मोफत औषध, पाठपुरावा आणि पोषण आहाराची मदत देण्यासाठी होतो. नोव्हेंबर २०२४ पासून ही मदत महिना १,००० रुपये आहे. त्या यादीत कारखान्याचा मालक नाही, ठेकेदार नाही, सरपंच नाही आणि मशिदीची कमिटीही नाही.

सोबतच्या कामगारांची तपासणी करायची गरज असेल तर ती आरोग्य कर्मचारी करतात. सुरुवातीला रजा घ्यावीच लागते, त्यात दुमत नाही. कामावर परत कधी जायचं ते डॉक्टर ठरवतात. पण "रजा हवी" आणि "टीबी आहे" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मालकापर्यंत पहिलं वाक्य पुरतं.

मग कधी सांगावं लागतं?

सगळंच लपवा, असं आम्ही म्हणत नाही. जिथे दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे गप्प राहणं योग्य नाही.

मिरगीचे झटके येतात आणि काम आहे कटिंग मशीनवर, बॉयलरजवळ, होडीत किंवा ट्रॅक्टरवर. अशा वेळी "हे काम याला देऊ नका" हे डॉक्टरच्या दाखल्यातून मालकाला कळायलाच हवं. खाद्यपदार्थांच्या कामात, म्हणजे हॉटेल, बेकरी, मासळी किंवा दूध, कामगारांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी करण्याचा अन्नसुरक्षेचा नियम आहे. ती तपासणी टाळू नये. पण तिथेही मालकाच्या फाईलला लागतो तो तंदुरुस्तीचा दाखला. शुगरच्या माणसाने रमजानमध्ये रोजा ठेवून पाळी केली आणि शुगर खाली गेली तर काय करायचं, हे सोबतच्या एका भरवशाच्या माणसाला सांगून ठेवणं शहाणपणाचं. एकाला सांगणं वेगळं, सगळ्या खात्याला कळणं वेगळं.

आणि रिश्त्याचं काय? १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण आलं होतं. दवाखान्याने एका माणसाला एचआयव्ही असल्याचं उघड केलं आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. न्यायालय म्हणालं, गुप्ततेचा हक्क आहे, पण तो अमर्याद नाही, ज्या मुलीच्या जिवाला थेट धोका आहे तिला कळण्याचा हक्क आहे. म्हणजे होणाऱ्या जोडीदाराला अंधारात ठेवू नये. पण याचा आधार घेऊन सुपरवायझरने चार घरी बातमी द्यावी, असा त्याचा अर्थ होत नाही.

बायकांच्या वाट्याला जास्त

ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एक दिवस काम चुकलं की 'खाडा' आणि त्याचा दंड उचलीतून कापला जातो. मग पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात सुट्टी हवी असेल तर बाईला सगळी कहाणी मुकादमाला सांगावी लागते, तीही बहुतेक वेळा नवऱ्यामार्फत. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने हा आकडा समोर आणला. त्यामागे चुकीचा वैद्यकीय सल्ला, गरिबी अशी अनेक कारणं आहेत. पण खाड्याच्या भीतीचा वाटा त्यात आहेच. जिथे आजारपण म्हणजे दंड असतो आणि ते सांगायला आडोसाही नसतो, तिथे बाई आजार काढून टाकायला नाही, तर शरीराचा भागच काढून टाकायला तयार होते.

पॅकहाऊसवर, शाळेत, दवाखान्यात काम करणाऱ्या आपल्या मुलींचीही गोष्ट फार वेगळी नाही. गरोदर असल्याचं कळवावं लागतं, कारण त्याशिवाय प्रसूती रजा मिळत नाही. पण ते लेखी आणि योग्य अधिकाऱ्याला कळवावं. गरोदरपणाच्या रजेवर असताना कामावरून काढणं कायद्याला मान्य नाही.

कायद्याच्या फटी

खरं तेही सांगायला हवं. शुगर, बीपी, किडनी, कॅन्सर अशा सगळ्या आजारांसाठी खासगी मालकाला बांधून ठेवणारा एकच सरळ कायदा आपल्याकडे नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ती जागा काही प्रमाणात भरेल. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात नोकरीच्या कारणांसाठी माहिती वापरायची मुभा मालकाला आहे, पण ती सांभाळून ठेवायची जबाबदारीही आहे. मात्र तो डिजिटल नोंदींपुरता आहे. टपरीवरच्या तोंडी चर्चेला तो रोखू शकत नाही. म्हणून पहिली खबरदारी आपणच घ्यायची.

आपण काय करायचं?

१. रिपोर्ट आणि दाखला वेगळे ठेवा. रक्ताचा, थुंकीचा, सोनोग्राफीचा रिपोर्ट घरच्या फाईलमध्ये. कामावर फक्त डॉक्टरचा दाखला.

२. डॉक्टरांशी आधी बोला. रजेच्या दाखल्याच्या प्रचलित नमुन्यात आजाराच्या नावाची जागा असते आणि त्याच कागदावर रुग्णाची सही किंवा अंगठा असतो. म्हणून सही करण्याआधी वाचा किंवा वाचून घ्या. "वैद्यकीय कारणासाठी इतके दिवस विश्रांती आवश्यक" एवढं लिहून चालेल का, ते विचारा. काही ठिकाणी, विशेषतः सरकारी नोकरीत, सविस्तर कागद लागतो. तेव्हा तो बंद पाकिटात, वर 'गोपनीय' लिहून, रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्याच हातात द्या.

३. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट पाठवू नका. ग्रुपवर तर नाहीच.

४. कंपनीच्या कॅम्पमध्ये रक्त घेतलं तर कशाची तपासणी आहे ते विचारा. रिपोर्ट तुमच्या हातात मागा, नोटीस बोर्डावर नको.

५. आरोग्य विम्याचे कागद शक्यतो थेट विमा कंपनीकडे किंवा दवाखान्याच्या विमा खिडकीवर द्या.

६. माहिती फुटली तर गप्प बसू नका आणि भांडायलाही जाऊ नका. तारीख, ग्रुपचा स्क्रीनशॉट, कोण काय बोललं, हे लिहून ठेवा. व्यवस्थापनाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. डॉक्टरकडून फुटलं असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे महिला, औद्योगिक कामगार आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. एचआयव्हीबद्दल माहितीसाठी १०९७ आणि मनाच्या आजारासाठी टेलिमानस १४४१६.

आपल्यातही मालक आहेत

आपल्या समाजात गॅरेजवाले आहेत, बेकरीवाले आहेत, चिकन सेंटर आणि मासळीचे ठेके चालवणारे आहेत. चार पोरं हाताखाली असली तरी आपण मालकच. पोरगा रजा मागायला आला तर "काय झालंय ते सगळ्यांसमोर सांग" म्हणू नका. दाखला घ्या, कपाटात ठेवा, किल्ली स्वतःजवळ ठेवा.

आणि एक सवय आपण सगळ्यांनीच तपासून बघायला हवी. कुणी आजारी पडलं की आपण जमातच्या ग्रुपवर लिहितो, "अमक्याच्या मुलाला तमका आजार निघालाय, दुआ करा." नियत चांगली असते. पण दुआ मागायला आजाराचं नाव लागत नाही. "आपला एक भाऊ आजारी आहे, शिफासाठी दुआ करा" एवढं पुरतं. टोह घेणं आणि पाठीमागे बोलणं या दोन्हींना सूरह हुजुरातमध्ये मनाई आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. दुसऱ्याच्या तब्येतीची गोष्ट ही अमानत आहे. ज्याने विश्वासाने सांगितली, त्याच्या परवानगीशिवाय ती पुढे जात नाही.

सुरुवातीच्या त्या मुलाकडे परत येऊ. त्याने रिपोर्टऐवजी दाखल्याचा कागद नेऊन दिला असता, सुपरवायझरने तो फाईलला लावला असता, तर बाकी काही बदललं नसतं. रजा तेवढीच लागली असती, गोळ्याही साधारण सहा महिने तेवढ्याच. फक्त त्याने त्या पूर्ण केल्या असत्या. टीबी बरा होतो, पण मधेच गोळ्या सोडल्या तर तो औषधाला दाद देईनासा होऊन उलटू शकतो. म्हणून कुणाचा रिपोर्ट तुमच्या मोबाईलवर आला, तर पुढे पाठवण्याआधी एवढंच आठवा की त्या माणसाचे उपचार तुमच्या हातात आहेत. आणि तो डिलीट करा.